छायाचित्राला साक्षीला बोलावताना

निबंधात १८९६-९७ च्या मुंबईतील प्लेगची छायाचित्रे वापरण्याचा तुमचा विचार मला मनापासून आवडला. मात्र चित्र नुसते चिकटवल्याने मुद्दा सिद्ध होत नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे. घरे धुऊन काढणारी पथके, रुग्णालयातील खाटांच्या रांगा अशी त्या काळची अनेक छायाचित्रे सरकारी प्लेग समितीच्या कामाची नोंद म्हणून काढली गेली, आणि म्हणूनच त्यांत प्रशासनाची शिस्त ठळक दिसते, पण झडती सोसणाऱ्या कुटुंबाची भीती क्वचितच उमटते. त्यामुळे ‘सरकारने कोणते उपाय योजले’ याला ती भक्कम आधार देतात. ‘लोकांनी ते उपाय स्वीकारले’ याला मुळीच देत नाहीत. तिथे त्याच काळातील मराठी वृत्तपत्रांतील मजकूर शेजारी ठेवावा लागेल. (माझ्या मते याच टप्प्यावर बहुतेक निबंध कमकुवत होतात.) छायाचित्र कोणी, केव्हा आणि कोणासाठी काढले, हे तळटीपेत न ढकलता मजकुरातच सांगा. ज्या तपशिलावर तुमचा युक्तिवाद उभा आहे, उदाहरणार्थ उजेड आणि हवा यावी म्हणून काढलेली छपराची कौले, त्याचे नेमके वर्णन आधी शब्दांत करा आणि मगच त्यावरून काढलेला निष्कर्ष लिहा.