त्याला विचारलंस का?

पोरी,

परवा तू आमच्या कट्ट्यावर बसून पाऊण तास रडलीस आणि शेवटी म्हणालीस, मॅडम, मी त्याला ब्लॉक केलंय, त्याच्याच भल्यासाठी. मी तेव्हा काही बोलले नाही, चहा टाकायला आत गेले, कारण तिथं थांबले असते तर ओरडले असते तुझ्यावर. दोन रात्री झोप नाही, म्हणून लिहितेय.

त्याचं प्रेम खरं आहे का, माणसाचा धर्म आधी बघायचा की माणूस, यावर मी तुला काही सांगणार नाही. तुझ्या अब्बांनीच ते तुला शिकवलंय, म्हणून तर ते आता इतके गप्प झालेत. स्टेटसवरून गल्लीत वातावरण तापलंय, कोपऱ्यावर पोलिसांची गाडी उभी असते, तुझ्या भावाचे दोस्त बघून घेऊ म्हणतात आणि त्याच्याकडची पोरं त्याचा मोबाईल मागून बघतात, हे सगळं तू सांगितलंस आणि ते खरंच आहे, भीती वाटायलाच पाहिजे. पण मला एकच सांग, त्याला विचारलंस का?

नाही विचारलंस. तू ठरवलंस आणि ब्लॉक केलंस.

मी पण ठरवलं होतं. ऑक्टोबर २००२, नवरात्र चालू होतं. कोणी एक अमेरिकन धर्मोपदेशक पैगंबरांबद्दल वाईट बोलला, तिकडं सातासमुद्रापार, आणि त्याच्या निषेधाच्या बंदातून आमच्या सोलापुरात दंगल पेटली, माणसं मेली, संचारबंदी लागली. तू तेव्हा रांगत पण नसशील. मी २३ वर्षांची, राहायला पूर्व भागात, घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि टायपिंगच्या क्लासमध्ये तो, विजापूर वेशीकडचा, मराठी बोलता बोलता मधेच दखनी उर्दूत घुसायचा. क्लास नव्या पेठेत होता. मराठी तीसची परीक्षा तोंडावर आलेली, त्याचा हात माझ्यापेक्षा फास्ट, मशीनची रिबन अडकली की तोच सोडवून द्यायचा आणि मग दिवसभर बोटं काळी घेऊन फिरायचा. यापलीकडं आमचं फार काही झालं नव्हतं, पण दोघांना माहीत होतं.

आमच्याकडं फोन नव्हता. खालच्या काकूंकडं यायचा. संचारबंदीत त्याचा फोन आला तेव्हा काकूंनी वर हाक मारली, मी जिन्यात उभी, आणि मी हातानं खूण केली, नाही म्हणा. तीनदा आला, तीनदा मी नाही म्हणायला लावलं. मनात काय होतं सांगू, की याला आपल्यामुळं कुठं तरी गाठून मारतील, आपण बाजूला झालेलं बरं, त्याचं भलं होईल. अगदी तुझंच वाक्य. चौथ्यांदा फोन आला नाही. नंतर मी क्लासच सोडला.

आता तू म्हणशील मॅडम घाबरल्या. घाबरले होतेच की. नान्नांची, म्हणजे वडिलांची, मिल बंद पडून वर्षं झालेली, आई दिवसाला हजार विड्या वळायची तेव्हा चूल पेटायची, पाठची बहीण लग्नाची, आमच्या घरावर एक दगड आला असता तरी आम्ही कुठं गेलो असतो? मी चुकीचं काही केलं नाही असं मी पुढची नऊ वर्षं स्वतःला सांगत होते, आणि आजही त्यातलं निम्मं मला पटतं. माझा संसार चांगला झाला, माझा नवरा सोन्यासारखा माणूस आहे, त्याला हे सगळं माहितीय, हे पत्र सुद्धा त्यानं वाचलंय. त्यामुळं मी कोणासाठी झुरतेय असलं काही डोक्यात आणू नकोस.

२०११ साली तो भेटला. पहाटे स्टेशनवर, मी हुतात्मा एक्सप्रेसला बहिणीला सोडायला गेलेली, तो पण पुण्याला निघालेला, बायको आणि लहान मुलगी बरोबर. गाडी सुटायला दहा मिनिटं होती. मी त्याला ते सगळं सांगितलं, की तुझ्या जिवाला धोका नको म्हणून मी फोनवर आले नाही. तो ऐकून घेतला आणि म्हणाला, तुझं हॉल तिकीट माझ्याकडं राहिलं होतं, ते कसं पोचवू एवढं विचारायला फोन करत होतो. आणि मग म्हणाला, घाबरायचं की नाही ते मला ठरवू द्यायचं होतंस. आवाज चढवला नाही, काही नाही. पोरीचा हात धरून डब्यात चढला.

म्हणून म्हणते, विचार. त्याला मारतील म्हणून तू बाजूला होतेस, पण मार खायची तयारी त्याची आहे की नाही, आईबापाला सांगायची ताकद आहे की नाही, पुण्यातच राहायचं की इथं, हे त्याचे प्रश्न आहेत, त्याला विचारल्याशिवाय तू उत्तर लिहून टाकलंस. कदाचित तो पण म्हणेल की थांबू या. म्हणू दे की! ते दोघांनी मिळून थांबणं झालं. आणि तोच शेपूट घालणारा निघाला तर तेही तुला कळायला नको का?

आपल्या गड्ड्याच्या जत्रेचंच बघ. सात नंदीध्वज निघतात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, लाखभर माणसं तांदूळ टाकतात, तू पण लहानपणी अब्बांच्या खांद्यावर बसून बघितलंयस. ते लग्न कोणाचं? कुंभाराच्या पोरीचं, सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी. तिला सिद्धरामांशी लग्न करायचं होतं, तिनं तोंडावर सांगितलं. ते योगी, त्यांनी तोंडावर सांगितलं की मला जमणार नाही, माझ्या योगदंडाशी कर. तिनं विचारलं आणि त्यांनी उत्तर दिलं, आणि कट्ट्याचं नावच संमती. मी हे दरवर्षी बघत होते आणि मला काही कळलं नव्हतं.

बाकी कायद्याचं तू अर्धवट ऐकून आलीस म्हणून सांगते. धर्म कोणीच बदलायची गरज नाही, घाईघाईत तर अजिबात नाही, विशेष विवाह कायदा १९५४ पासून आहे. मुलगी १८, मुलगा २१, दोघांपैकी एक जण निदान ३० दिवस या जिल्ह्यात राहिलेला, मग नोटीस, ती विवाह अधिकाऱ्याच्या ऑफिसात लागते, ३० दिवस थांबायचं आणि लग्नाला तीन साक्षीदार. हरकत कोणीही घेऊ शकतो, पण धर्म वेगळा आहे ही हरकत चालत नाही. वय, आधीचं लग्न, जवळचं नातं असलीच कारणं लागतात. ते ३० दिवस सगळ्यात अवघड, घरी कळणारच, म्हणून घरी आधी कोण सांगणार हे ठरवा. आणि त्याला हेही सांग की या कायद्यानं लग्न केलं की तो एकत्र कुटुंबातून कायद्यानं वेगळा धरला जातो, त्याच्या घरची शेती सामायिक आहे म्हणालीस ना, मग हे त्याला आत्ताच कळायला पाहिजे. धमक्या वाढल्या तर सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये जिल्ह्याजिल्ह्यात अशा जोडप्यांसाठी स्पेशल सेल करायला सांगितलंय, लेखी अर्ज द्यायचा, तोंडी नाही, आणि पोच घ्यायची. मी येईन बरोबर.

पण हे सगळं नंतर. तू आत्ता वकिलाचा नंबर मागशील, मला माहितीय, मी देणार नाही. आधी त्याला विचार. मेसेजवर नको, मैत्रिणीमार्फत तर नकोच.

शनिवारी रात्री तो हुतात्मानं उतरेल म्हणालीस. रविवारी दुपारी दोघं माझ्याकडं या, वेगवेगळे या, तू मागच्या बोळातून. नवरा पुण्याला गेलेला असेल. मी स्वयंपाकघरात बसेन, कडक भाकरी आणि शेंगाचटणी असेल, मधे एक शब्द बोलणार नाही. आणि येण्याआधी त्याला अनब्लॉक कर, नाहीतर त्याला कळणार कसं कुठं यायचं ते.

तुझी,
मॅडम