१२८ पौंडांचं हरीण प्रोसेसरकडे दिलं, मांस मिळालं ४१ पौंड. मला फसवलं का?

बहुतेक नाही. पण तुमचा राग मला कळतो, कारण चार वर्षांपूर्वी असंच खोकं गाडीत ठेवून मी पार्किंगमध्ये दहा मिनिटं नुसता बसून होतो.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधला पहिलाच हंगाम, पहिलंच हरीण. पोट साफ करून वजन केलं तर १२८ पौंड. गावातल्या प्रोसेसरकडे, म्हणजे शिकारीचं हरीण पैसे घेऊन कापून देणाऱ्याकडे, टाकलं, पंधरा दिवसांनी खोकं आणलं आणि घरी मोजलं तर ४१. ‘गोळी खांद्यात बसली’ हे वाक्य तुम्ही ओघात लिहून पुढे गेलात. त्या वाक्यावर मी परत येतो.

(हे वाचणाऱ्या महाराष्ट्रातल्या मंडळींनी दचकू नये. आपल्याकडे १९७२च्या कायद्याने शिकार बंद झाली. इथे परवाना काढून, ठरलेल्या दिवसांत, ठरलेल्या संख्येत हरणं मारायची रीतसर पद्धत आहे. नोव्हेंबरातल्या नऊ दिवसांच्या बंदुकीच्या हंगामात या एका राज्यात पाच लाखांहून जास्त माणसं भगव्या जाकिटात रानात असतात.)

आपली पहिली गफलत होते ती मटणाच्या हिशेबामुळे. माझ्या आजोळी, सातारा जिल्ह्यात, जत्रेचं बोकड घ्यायचं तेव्हा आबा त्याच्या पाठीवरून आणि मागच्या मांडीवरून हात फिरवायचे आणि सांगायचे, “नऊ किलो पडंल.” बोकड असायचं वीसेक किलोचं. मुलाणीचाचा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सोलून वाटे घालायचे आणि आबांचा अंदाज पाव-अर्ध्या किलोने चुकला तर चुकला. पण त्या नऊ किलोंत हाडं होती, नळ्या होत्या, चापा होत्या, चरबी होती. मुंडी, पाय, वजडी, कलेजी वेगळीच, आणि वजडी कुणाकडे जाणार यावरून दरवर्षी रुसवेफुगवे. तुमच्या ४१ पौंडांत हाड एकही नाही. ते निव्वळ मांस आहे. दोन्हींची तुलनाच होत नाही.

आता तुमच्या हरणाचा हिशेब करू. १२८ पौंड हे वजन कातडं, मुंडकं आणि चारही पायांसकटचं आहे. इथल्या शिकाऱ्यांचा एक ठोकताळा आहे: पोट साफ केलेल्या वजनाला १.३३ ने भागायचं, की सोललेल्या धडाचं वजन निघतं. तुमचं आलं साधारण ९६. त्यातली हाडं काढली की दोन तृतीयांश उरतं, म्हणजे ६४. तो झाला कागदावरचा आकडा, एकही तुकडा वाया गेला नाही असं धरून. प्रत्यक्षात रक्त साकळलेलं, सुकलेलं, केसाळलेलं, पापुद्र्याचं असं बरंच कापून टाकावं लागतं, म्हणून त्या ६४ चे सत्तर टक्के धरायचे. आले ४५. तुम्हाला ४१ मिळाले. म्हणजे वाद आहे तो चार पौंडांचा, ८७ चा नाही.

ते चार पौंड खांद्यात गेले. खांद्याचं हाड गोळीने फुटलं की हाडाचे आणि शिशाचे कण आजूबाजूच्या मांसात घुसतात आणि रक्त स्नायूंच्या थरांत पसरून काळ्या जेलीसारखं साकळतं. बाहेरून भोक बोटाएवढं, आत हाताच्या पंजाएवढा भाग खराब. २००८ साली नॉर्थ डकोटात गरिबांसाठी दान आलेल्या हरणाच्या खिम्यात शिशाचे कण सापडले आणि तिथल्या आरोग्य खात्याने तो खिमा टाकून द्यायला सांगितला. तेव्हा खांद्याचं मांस सढळ हाताने कापून टाकणारा प्रोसेसर मला तरी भला वाटतो. पुढच्या वेळी गोळी खांद्याच्या जरा मागे, बरगड्यांतून फुप्फुसात जाऊ द्या. तिथे वाया जाण्याजोगं मांसच फारसं नसतं.

दुसरी गोष्ट, शिकारीचं मांस इथे विकता येत नाही. दुकानात ‘व्हेनिसन’ म्हणून मिळतं ते पाळलेल्या हरणांचं, त्यातलं बरंच न्यूझीलंडहून आलेलं. प्रोसेसर पैसे घेतो ते कापण्याचे, आणि हंगामात त्याच्याकडे हरणांचा ढीग लागलेला असतो. तुमचे चार पौंड लपवून तो करणार काय?

मलाही हे पटलं नव्हतं. त्या वर्षी माझ्या १०१ पौंडांच्या मादीचे ३६ पौंड आले होते. शेजारी, जो मला या नादाला लावणारा, तो म्हणाला, पुढचं तू स्वतः काप आणि बघ. बघितलंच. पुढच्या नोव्हेंबरात १०४ पौंडांची मादी गॅरेजमध्ये टांगली, खाली प्लास्टिक अंथरलं आणि प्रत्येक ढीग मोजला. तराजू कुठला, तर भारतात जाताना बॅग तेवीस किलोच्या आत आहे ना ते बघायचा, हुकवाला. पिशवीत भरायचं, हुकला लावायचं, आकडा पुठ्ठ्यावर लिहायचा.

कातडं ११ पौंड. मुंडकं आणि मानेचा वरचा भाग ८. गुडघ्याखालचे चार पाय ४. श्वासनळी, कडेची चरबी, असलं तसलं ३. उरलं ७८ पौंडांचं धड, आणि १०४ भागिले १.३३ सुद्धा ७८ च येतात. ठोकताळ्यावरचा माझा विश्वास तिथे बसला. त्या धडातून हाडं निघाली २२, टाकाऊ तुकडे ९, पौंडभर कुठे गेलं ते आजतागायत कळलं नाही, आणि मांस मिळालं ४६.

म्हणजे प्रोसेसरपेक्षा जवळजवळ दहा पौंड जास्त! माझी कॉलर ताठ. मग त्या दहाचा शोध घेतला. बरगड्यांमधल्या पट्ट्या तीन पौंड, मानेचं मांस चार, नडग्यांवरचं तारांनी भरलेलं मांस तीन. सकाळी नऊला बसलो होतो, दोन माणसं, उठलो तेव्हा अंधारून आलं होतं. बरगडीच्या एका फटीतून सुरी ओढून काढलेली पट्टी हातावर ठेवली तर करंगळीएवढी. सराईत माणूस हेच हरीण पाऊण तासात उरकतो, आणि ते त्या करंगळ्या सोडून देतो म्हणूनच. त्याच्या मजुरीत ते बसत नाही. आपल्याला हवं असेल तर देतानाच सांगावं लागतं, “नडग्या खिम्यात घाला, मान सोडू नका,” आणि काही ठिकाणी त्याचे जादा पैसे लागतात.

सुकण्याचंही एक. थंडीत आठवडाभर टांगलं की मांस मुरतं, मऊ होतं, हे खरं. पण कातडं काढून टांगलं तर वरचा थर खाकऱ्यासारखा वाळतो आणि तो छिलून फेकावा लागतो. पाठीच्या कण्याखाली, पोकळीच्या आत, दोन छोट्या लांबट मांसपेशी असतात, सगळ्यांत मऊ. इथे त्यांना टेंडरलॉइन म्हणतात. त्या उघड्या राहतात आणि आधी वाळतात. ‘प्रोसेसरने टेंडरलॉइन ढापली’ ही तक्रार दर हंगामात ऐकू येते. त्यातल्या निम्म्या बहुधा अशा सुकून गेलेल्या असाव्यात. पोट साफ केलं की घरी आल्या आल्या त्या काढून घ्याव्यात. आमच्याकडे त्याच रात्री तव्यावर, नुसतं आलं-लसूण, हळद, मीठ आणि मिरपूड.

तुम्ही सगळं मांस साधंच घेतलंय म्हणून सॉसेजबद्दल पटकन सांगतो. हरणाच्या मांसात चरबी जवळजवळ नसते, म्हणून त्यात डुकराची चरबी किंवा मांस मिसळतात आणि वजन वाढून येतं. जर्की, म्हणजे वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या, उलट, वाळून तिसऱ्या हिश्श्यावर येते. या दोन्हींचे आकडे कच्च्या मांसाशी ताडून बघायला जाऊ नका, डोकं फिरेल.

पण याच सॉसेजपाशी खरा मुद्दा आहे, आणि तो तुम्ही विचारलेलाच नाही. मिसळायचं यंत्र मोठं असतं. एका घाण्याला पंचवीस-पन्नास पौंड लागतात. तुमच्याकडचे बारा पौंड एकटे त्यात कसे फिरणार? म्हणून चार जणांची हरणं एकत्र जातात आणि प्रत्येकाला हिश्श्याप्रमाणे परत मिळतं. बरेच प्रोसेसर हे फलकावर लिहून ठेवतात. साध्या मांसाचं मात्र प्रत्येकाचं वेगळं ठेवायचं अशी अपेक्षा असते, आणि घाईत ती नेहमी पाळली जातेच असं नाही.

माझाच अनुभव. गॅरेजच्या आदल्या नव्हे, नंतरच्या वर्षी पाठीने दगा दिला म्हणून पुन्हा प्रोसेसरकडे गेलो, या वेळी दुसऱ्या. गावाबाहेर शेड, दारात चिखल, आत रेडिओ. दीड वर्षाचा लहानसा नर दिला होता. खोकं घरी आणून पुडे उघडले. कण्याच्या दोन बाजूंना मानेपासून कमरेपर्यंत जो लांब पट्टा असतो, बॅकस्ट्रॅप, तो मी आदल्या वर्षी स्वतःच्या हाताने सोडवला होता, त्यामुळे ओळखीचा. माझ्या नराचा पट्टा मनगटाएवढा असायला हवा होता. पुड्यातला निघाला दंडाएवढा. एकूण वजन माझ्या हिशेबापेक्षा सहा पौंड जास्त! बायको म्हणाली, “बरं झालं की मग.” आणि मला पहिल्यांदाच धास्ती वाटली.

कारण मी राहतो मॅडिसनजवळ. २००२ साली विस्कॉन्सिनमध्ये हरणांचा क्रॉनिक वेस्टिंग डिसीज पहिल्यांदा सापडला तो माउंट होरेबच्या आसपास, माझ्या घरापासून अर्ध्या तासावर. मेंदूचा रोग. प्रिऑन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनाने होतो, शिजवून तो प्रिऑन मरत नाही. माणसाला झाल्याची नोंद नाही, पण बाधित हरीण खाऊ नका असंच आरोग्य खातं सांगतं. म्हणून आम्ही मुंडकं तपासणीला देतो. घशातल्या गाठींवर चाचणी होते, ती इथे फुकट आहे, आणि निकाल येईपर्यंत पुड्यांना हात लावत नाही. माझ्या नराचा निकाल स्वच्छ आला. पण फ्रीझरमधलं मांस माझ्या नराचं नव्हतंच. मग त्या निकालाचं मी काय करू?

फोन केला. मालक शांतपणे म्हणाला, “हंगामात होतं असं कधी कधी.” सगळं मांस टाकलं. एकवीस पुडे. माझा नर कुणी खाल्ला आणि त्याला मिळालेलं वजन कमी भरलं म्हणून तोही कुठे असाच प्रश्न विचारत बसला होता का, कोण जाणे.

या रोगामुळे हाडंही इथे वर्ज्यच समजायची. कण्यातून करवत चालवत नाहीत, चापा मिळत नाहीत, मान सोलून फक्त मांस काढतात. नळी चोखणाऱ्या माणसाला हे जड जातं. पांढऱ्या रश्श्यासाठी मी दुकानातून बोकडाची हाडं आणतो.

तेव्हा पुढच्या वर्षी हरीण देताना ‘किती पडेल’ हे विचारण्याआधी विचारा: माझंच परत मिळेल का? धडाला चिठ्ठी कशी बांधता, ती कापायच्या टेबलापर्यंत राहते का? चाचणीचा निकाल येईपर्यंत थांबता का? आणि सोललेल्या धडाचं वजन पावतीवर लिहून द्याल का? शेवटचं नक्की मागा. तो एक आकडा हातात असला की दोन तृतीयांश आणि त्याचे सत्तर टक्के हा हिशेब गाडीत बसून करता येतो. ९६ पौंडांच्या धडाचे २५ आले असते तर मी तुम्हाला भांडायला जा म्हटलं असतं.

स्वतः कापायचं मनात असेल तर जरूर कापा. नोव्हेंबरातलं इथलं गॅरेज म्हणजे आयता फ्रीज. सहा इंची पातळ सुरी, धार लावायची सळई, दोन स्वच्छ फळ्या, आणि सोबतीला एक माणूस, इतकंच लागतं. स्नायू आपापल्या पापुद्र्यात असतात, सुरीचं टोक फटीत घातलं की बरेचसे बोटांनीच सुटे होतात. घाई फक्त पोट साफ करताना करायची, कापताना नाही. आणि तराजू वेगळा घ्या. आमचा तो बॅगांचा तराजू डिसेंबरात भारतात निघताना बायकोने कपाटातून काढला, हुकचा वास घेतला, आणि चार बॅगा विमानतळावर अंदाजाने नेल्या. एक अकरा पौंड जास्त भरली.