समुद्रतळाच्या गाळावरून कोट्यवधी वर्षांपूर्वीचं पाणी कसं होतं ते कसं काय कळतं?

गाळात फोरॅमिनिफेरा नावाच्या एकपेशीय जीवांची कवचं असतात, रव्याच्या कणाएवढी, मायक्रोस्कोपखाली ओल्या बारीक ब्रशने एकेक वेचावी लागतात. कवच बनताना कॅल्शियमच्या जागी थोडं स्ट्रॉन्शियम (कॅल्शियमसारखंच एक मूलद्रव्य) शिरतं आणि त्या वेळच्या पाण्यातलं स्ट्रॉन्शियमच्या ८७ आणि ८६ या दोन आयसोटोपचं, म्हणजे वेगळ्या वजनाच्या अणूंचं, गुणोत्तर त्यात तसंच राहतं. आज ते ०.७०९२ आहे, ४ कोटी वर्षांपूर्वी साधारण ०.७०७७ होतं. खंडांवरचे जुने खडक जास्त झिजले की आकडा चढतो, समुद्रतळावरच्या गरम झऱ्यांमुळे उतरतो, म्हणून बरेच जण ही चढण हिमालयाच्या झिजेशी जोडतात, वाद आहेतच. मला भारी वाटतं ते हे की स्ट्रॉन्शियम पाण्यात लाखो वर्षं टिकतं आणि समुद्र हजारेक वर्षांत ढवळून निघतो, त्यामुळे अरबी समुद्र घ्या नाहीतर पॅसिफिक, एका काळाचा आकडा एकच येतो. फक्त कवच नंतर बदललेलं नको, काचेसारखं स्वच्छ असेल तेच घ्यायचं.