निवृत्त झालेल्या वर्ल्ड रॅली कार राष्ट्रीय रॅलीत चालवू देणं हा साध्या गाडीवाल्यांवर अन्याय नाही का?

मी ब्रिटनपुरतं सांगतो. इथे वर्ल्ड रॅली कार, म्हणजे जागतिक रॅली स्पर्धेसाठी बांधलेल्या गाड्या, राष्ट्रीय रॅलीत चालतात, आणि अन्याय वगैरे काही नाही. हा अन्यायाचा सूर माझा मेहुणाही गेली कित्येक वर्षं ऐकवतोय, म्हणून जरा लांबण लागेल.

मी वेल्समध्ये राहतो आणि हिवाळ्यात जंगलातल्या रॅलींना मार्शल, म्हणजे वाटेवरचा सुरक्षा-स्वयंसेवक, म्हणून उभा राहतो. एकदा मेहुणा पुण्याहून आला होता, त्यालाही नेलं. तासन्‌तास चिखलात उभं राहून साहेब आधीच वैतागलेले. सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरसी (वर्ल्ड रॅली कार) समोरून गेली तसा म्हणाला, "दाजी, हे म्हणजे गल्लीतल्या मॅचला तेंडुलकर उतरवणं झालं."

दुसऱ्या फेरीत तोच तेंडुलकर आमच्या वळणावर चरात. चालवणारा साठीचा गडी, हौशी, पैसेवाला. मी रेडिओवर, बाकी सगळे ढकलायला, मेहुणा सगळ्यात पुढे. मालक आतून बोंबलतोय, "मागच्या विंगला हात लावू नका!" चारही चाकं एकदम फिरली आणि मेहुणा नखशिखांत चिखल. एक बूट चरातच राहिला. तेवढ्यात दोन फोर्ड एस्कॉर्ट मार्क टू बाजूने सूं करून निघून गेल्या. सत्तरच्या दशकातली, मागच्या चाकांवर चालणारी गाडी. पण आत बसलेलं पोरगं पंचविशीचं. इम्प्रेझा संध्याकाळी निकालात शोधावी लागली.

जुन्या डब्ल्यूआरसीची ताकद कागदावर ३०० हॉर्सपॉवर, इंजिनात जाणारी हवा रोखणाऱ्या रिस्ट्रिक्टरमधून श्वास घेणारी. आजची रॅली-टू, म्हणजे कुणालाही विकत घेता येणारी खालच्या वर्गाची रॅली कार, त्याच्या फार मागे नाही. बंदीच घालायची तर पोराला कोरी रॅली-टू घेऊन देणाऱ्या बापांवर घाला ना! ग्रुप बी हा ऐंशीच्या दशकातल्या भन्नाट ताकदीच्या गाड्यांचा वर्ग १९८६ नंतर जागतिक स्पर्धेतून हद्दपार झाला, तरी त्यातली मेट्रो सिक्सआरफोर इथल्या राष्ट्रीय रॅलींत पुढेही धावली. बिनटर्बोचं तीन लिटरचं व्ही-सिक्स इंजिन, झाडांमागून आवाज आला की चहाचा कप बाजूला ठेवून माणसं धावायची. आभाळ काही कोसळलं नाही. उलट गेटवर तिकिटं खपली.

बरं, नियम. एफआयए, म्हणजे मोटरस्पोर्टची जागतिक संघटना, तिचं होमोलोगेशन (गाडीला स्पर्धेसाठी दिलेली मान्यता) मॉडेलचं उत्पादन थांबल्यावर सात वर्षांनी संपतं, पण ती अट आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी. देशांतर्गत काय चालवायचं ते त्या त्या देशाची संघटना आणि ती ती मालिका ठरवते. ब्रिटिश चॅम्पियनशिपमध्ये २०१६ पासून आर-फाइव्ह, म्हणजे आताची रॅली-टू, हाच वरचा वर्ग. जुनी डब्ल्यूआरसी घेऊन तो किताब मिळायचा नाही. खालच्या मालिकांमध्ये खुशाल उतरा, पण त्या वर्षीची नियमावली वाचूनच पैसे भरा, वर्ग दरवर्षी हलतात.

आणि हो, हे सगळं २०१६ पर्यंतच्या गाड्यांबद्दल. २०१७ ची पिढी ३८० हॉर्सपॉवरची, एफआयएनेच ती सुरुवातीला फक्त कारखान्यांच्या संघांना दिली होती. तिथे मेहुण्याचं थोडं बरोबर आहे, त्याला सांगू नका.

तो अजून घरच्या ग्रुपवर "अन्याय" लिहितो. डीपीवर मात्र मीच काढलेला त्या दिवशीचा फोटो: एका पायात नुसता मोजा, आणि हात बरोब्बर विंगवर.