जुना दोन-प्रोसेसर झिऑन की नवा रायझेन?

तुम्ही विचारलंय: दोन सर्व्हरचं भाडं जवळपास सारखंच, एकीकडे इंटेलचे दोन झिऑन ई५-२६८० व्ही४ प्रोसेसर, १२८ जीबी रॅम आणि साटा एसएसडी, दुसरीकडे एएमडीचा एक रायझेन ७ ७७००, ६४ जीबी रॅम आणि एनव्हीएमई, म्हणजे साटापेक्षा वेगवान एसएसडी. चालवायचं आहे वूकॉमर्सचं, म्हणजे वर्डप्रेसवरचं ऑनलाइन दुकान, आणि तक्रार अशी की चेकआउटला वेळ लागतो.

रायझेन घ्या. २८ कोअर (प्रोसेसरमधली प्रत्यक्ष काम करणारी एककं) विरुद्ध ८ हा आकडा बघून मन झिऑनकडे ओढलं जातं, पण तुमची अडचण कोअरच्या संख्येची नाही. गिऱ्हाईक ‘ऑर्डर करा’ दाबतं तेव्हा ती एक विनंती पीएचपीची (साइट ज्या भाषेत लिहिलेली असते तिची) एकच प्रोसेस हाताळते आणि ती एका वेळी एकाच कोअरवर चालते. मारियाडीबी या डेटाबेसमधली एक क्वेरीसुद्धा साधारण एकाच थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकाच कोअरवर चालते. उरलेले २७ कोअर त्या गिऱ्हाइकाच्या काहीच कामाचे नाहीत. चेकआउटचं पान कॅशमधून, म्हणजे आधीच तयार ठेवलेल्या प्रतीतूनही देता येत नाही, त्यामुळे तिथे एका कोअरचा वेग उघडा पडतो. २०१६ चा तो झिऑन टर्बोत (गरजेपुरत्या वाढीव वेगात) ३.३ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, २०२३ चा ७७०० थेट ५.३ पर्यंत, शिवाय नवा कोअर प्रत्येक ठोक्याला जास्त काम उरकतो. प्रत्यक्षात एका कोअरमागे फरक दुपटीच्या आसपास पडतो. एकूण ताकदीतही ते आठ कोअर मागे राहत नाहीत.

दोन सॉकेटच्या, म्हणजे दोन प्रोसेसरांच्या मशीनमध्ये आणखी एक गोम असते. रॅम दोन प्रोसेसरांत वाटलेली असते, आणि दुसऱ्याच्या वाट्याची रॅम वाचायला जास्त वेळ लागतो. डेटाबेसला ते जाणवतं.

जुनं मशीन टाकाऊ आहे असं मात्र मी अजिबात म्हणणार नाही. बरीच छोटी व्हर्च्युअल मशीन, रात्रीचे बॅकअप, व्हिडिओ रूपांतर, किंवा ज्याला शंभरेक जीबी रॅम हवीच असा डेटाबेस असेल तर मी स्वतः झिऑन घेईन. फक्त किती जुनं ते बघा. व्ही३ च्या आधीच्या ई५ मध्ये एव्हीएक्स२ हा प्रोसेसरच्या सूचनांचा संच नाही, आणि २०२५ मध्ये आलेल्या रेड हॅट १० या सर्व्हरसाठीच्या लिनक्सला तो लागतो. रेड हॅटशी जुळणाऱ्या अल्मालिनक्सने जुन्या प्रोसेसरांसाठी वेगळी आवृत्ती काढली आहे, पण नवं दुकान उसन्या आयुष्यावर कशाला उभं करायचं? तुमच्या व्ही४ ला ही अडचण नाही.

रायझेन घेताना एक प्रश्न कंपनीला लेखी विचारा: रॅम ईसीसी, म्हणजे डेटातल्या चुका ओळखून दुरुस्त करणारी आहे का? ‘डीडीआर५ मध्ये ती असतेच’ असं उत्तर आलं तर ते मान्य करू नका. डीडीआर५ च्या चिपमधली दुरुस्ती चिपच्या आतपुरती असते. रॅम ते प्रोसेसर या वाटेवरची चूक ती पकडत नाही. पैशांचे व्यवहार असतील तर खरी ईसीसीच मागा. ७७०० ला ती चालते, मदरबोर्ड साथ देणारा हवा.

आणि गिऱ्हाईक महाराष्ट्रातलं असेल तर सर्व्हर मुंबईत मिळतो का पाहा. जर्मनीहून प्रत्येक फेरीला शंभराहून जास्त मिलिसेकंद जातात, ते कुठलाही प्रोसेसर भरून काढत नाही.

सुरुवातीला एकाच महिन्याचं भाडं भरा. साइटची प्रत टाकून चेकआउट मोजा, आणि पहिल्याच दिवशी एसएसडीचा स्मार्ट रिपोर्ट (डिस्क किती वापरली, किती झिजली हे ती स्वतः सांगते तो अहवाल) काढा. भाड्याच्या मशीनमध्ये डिस्क आधी कोणीतरी वापरलेली असू शकते. झिजलेली दिसली तर डेटा चढवण्याआधीच बदलून मागा.