कॉर्सिका या फ्रेंच बेटावरचा जीआर २० हा लांब पल्ल्याचा डोंगरी ट्रेक गाईडसोबत करायचा आहे, सुट्टी एकच आठवडा. उत्तर भाग घ्यावा की दक्षिण?

हात टेकून कातळ चढायची सवय नसेल तर दक्षिण भाग घ्या, म्हणजे विझाव्होना ते कोंका. विझाव्होना साधारण मध्यावर आहे आणि तिथे रेल्वे स्टेशन आहे, त्यामुळे सुमारे १८० किलोमीटरच्या वाटेचे तिथून दोन भाग सहज पडतात. कालेंझानाहून निघणारा उत्तर भाग खरोखर खडतर आहे: उघडे कातळ, घसरडी खडी, काही ठिकाणी साखळ्या, आणि मोंते चिंतो या शिखराच्या बाजूने २,६०० मीटरपर्यंतची चढाई. २०१५ मध्ये दरड कोसळून ट्रेकर दगावले, तेव्हापासून ‘सर्क द ला सोलितूद’ या खोल कातळी दरीतला जुना टप्पा सोडून वाट इकडून जाते. गाईडमुळे पायांचं काम कमी होत नाही. त्याचा मोठा उपयोग दुपारच्या वादळाआधी तुम्हाला धारेवरून खाली आणण्यात, आणि रेफ्यूजमधल्या, म्हणजे डोंगरातल्या निवाऱ्यांमधल्या, मुक्कामाची सोय आधीच करण्यात (रेफ्यूजजवळची जागा सोडून वाटेत इतरत्र तंबू ठोकायला परवानगी नाही). मात्र दक्षिण भागाला फेरफटका समजू नका. तिथेही दिवसाला पाच-सात तास डोंगरातली चाल आहे, आणि उन्हाळ्यात ऊन फार भाजतं.