रूमचं नाव कनेक्टिंग, पण मधलं दार कुठंय?

ताई, तुमचा मेसेज दोनदा वाचला. राग समजतो, पण तुम्ही तीन तक्रारी एकत्र करून हॉटेलवर फेकल्यात आणि त्यातल्या दोन टिकणाऱ्या नाहीत, म्हणून मॅनेजरला हसायला मिळालं.

आधी काय झालं ते नीट मांडतो. तुम्ही गोव्यातल्या डिचोलीच्या. डिसेंबरात सांगलीहून भाऊ, वहिनी, भाचा आणि आई आले (बहिणीचं घर असताना हॉटेल कशाला असं मी विचारणार नाही, सांगलीकरांना खिडकीतून समुद्रच हवा असतो). आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून तुम्ही अ‍ॅपवरून कांदोळीच्या हॉटेलात 'डीलक्स फॅमिली कनेक्टिंग रूम, पार्शियल सी व्ह्यू' अशा दोन खोल्या घेतल्या, रात्रीचे ८,५०० एकीचे, तीन रात्री, म्हणजे ५१,००० आणि वर १८ टक्के जीएसटी ९,१८० धरून ६०,१८०, सगळे तुमच्या कार्डावरून. मिळाली काय तर एक खोली तळमजल्याला आणि दुसरी दुसऱ्या मजल्यावर. वहिनी आईंच्या खोलीत एक्स्ट्रा गादीवर झोपल्या, त्याचे रोजचे १,५०० रोख, बिल नाही. आता हॉटेल म्हणतं अ‍ॅपला विचारा, अ‍ॅप म्हणतं हॉटेलला विचारा, आणि वर हॉटेलची धमकी, तुम्ही टाकलेला रिव्ह्यू काढा नाहीतर केस करू.

आता एकेक बघू. 'डीलक्स' म्हणून घेतली आणि खोली लहान निघाली, ही तक्रार सोडून द्या. डीलक्स, सुपिरियर, प्रीमियम या शब्दांची कायद्यात व्याख्याच नाही, प्रत्येक हॉटेल आपल्या मनाने नावं ठेवतं, एकाकडची स्टँडर्ड दुसऱ्याकडच्या डीलक्सपेक्षा मोठी असू शकते. हां, अ‍ॅपवर स्क्वेअर फूट लिहिले असतील आणि खोली त्याहून लहान असेल तर गोष्ट वेगळी, पण तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये तसं काही दिसत नाही.

समुद्राचंही तेच. तुम्ही म्हणता, माडांच्या मधून बोटभर पाणी दिसत होतं. अहो, 'पार्शियल' म्हणजे तेच. 'सी व्ह्यू' म्हटलं की खिडकीत समुद्र दिसायला हवा, 'पार्शियल' म्हटलं की थोडासा, आणि 'सी फेसिंग' लिहिलेलं असेल तर विचारून घ्यावं, कारण खोलीचं तोंड समुद्राकडे आहे पण मध्ये दुसरी बिल्डिंग उभी आहे असंही निघतं. तेव्हा हाही मुद्दा गेला.

राहिलं ते 'कनेक्टिंग', आणि तुमची केस इथेच आहे. हॉटेलच्या धंद्यात या शब्दाला ठरलेला अर्थ आहे: दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत दार असतं, कॉरिडॉरमध्ये न येता इकडून तिकडे जाता येतं. 'अ‍ॅडजॉइनिंग' म्हणजे नुसत्या शेजारी शेजारी, दार नाही. पुष्कळ लोक दोन्ही एकच समजतात आणि मग काउंटरवर भांडण होतं. डबल आणि ट्विनचंही तसंच, डबलमध्ये एक मोठा पलंग, ट्विनमध्ये दोन वेगळे, मित्र-मित्र गेले आणि डबल घेतली की रात्रभर भिंतीला चिकटून झोपायचं. तुम्हाला तर कनेक्टिंग सोडा, अ‍ॅडजॉइनिंगसुद्धा मिळाली नाही, मध्ये अख्खा जिना होता.

मॅनेजर म्हणतो कनेक्टिंग 'सब्जेक्ट टू अव्हेलेबिलिटी' असतं. हे खरं कधी, तर तुम्ही ते 'स्पेशल रिक्वेस्ट'च्या रकान्यात लिहिलेलं असेल तर. तिथे लिहिलेलं म्हणजे विनंती, हॉटेलवर बंधन नाही. पण तुमच्या व्हाउचरवर रूमच्या नावातच कनेक्टिंग आहे, म्हणजे तुम्ही पैसे त्याचेच दिलेत, शिवाय आधल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर त्या मॅनेजरचंच 'कन्फर्म मॅडम' आलंय. ते चॅट डिलीट करू नका आणि फोन बदलायचा विचार असेल तर थोडा थांबा, कारण असा पुरावा देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं सर्टिफिकेट जोडावं लागतं, मूळ फोन हाताशी असलेला बरा.

कायदा म्हणाल तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९, सेवेतली त्रुटी. शिवाय ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांत आहे की जाहिरातीत सांगितलेली किंवा ठरलेली वैशिष्ट्यं सेवेत नसतील तर विक्रेत्याला रिफंड नाकारता येत नाही. अ‍ॅपलाही तिथेच धरायचं, त्यांच्या ग्रीव्हन्स ऑफिसरने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची असते. म्हणून हॉटेल आणि अ‍ॅप दोघांनाही एकच नोटीस पाठवा, पंधरा दिवसांची मुदत द्या, स्पीड पोस्टने आणि ईमेलनेही. मध्ये १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवून ठेवा, कधी कधी अ‍ॅपवाले तेवढ्यानेच हलतात.

नाही हलले तर पर्वरीला उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही स्वतः पैसे भरलेत आणि राहता डिचोलीला, त्यामुळे सांगलीपर्यंत जायची गरज नाही. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असली की फी नाही, तक्रार ऑनलाइनही करता येते, वकील लागतोच असं नाही (माझं नुकसान आहे, पण खरं ते सांगतो). मुदत दोन वर्षांची.

किती मिळेल? पूर्ण ६०,१८० मागू नका. तीन रात्री राहिलात, आंघोळी केल्यात, ब्रेकफास्ट खाल्लात, आयोग विचारणारच. भाड्याचा काही भाग, मनस्तापाची भरपाई आणि खर्च एवढं मागा. गादीचे ४,५०० मागायचे तर वहिनींना विचारा, मॅनेजरशी त्याबद्दल मेसेज झालाय का, नाहीतर रोखीचं सिद्ध करणं अवघड. रजिस्टरवर सही केली म्हणून हक्क गेला हे मात्र खोटं. पण सही करताना शेजारी 'कनेक्टिंग दिली नाही, नाइलाजाने राहतोय' असं लिहिलं असतंत तर आज काम अर्धं झालं असतं.

पणजीला पाटोवर पर्यटन खात्यातही अर्ज टाका. गोव्यातल्या हॉटेलांना १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली तिथे नोंदणी करावी लागते, त्यामुळे खात्याचं पत्र गेलं की मॅनेजरचा आवाज जरा खाली येतो.

रिव्ह्यूचं काय? काढू नका, बदला. 'कनेक्टिंग बुक केली, दोन वेगळ्या मजल्यांवर खोल्या दिल्या, गादीचं बिल दिलं नाही' हे खरं आहे, ते राहू द्या, लोकहितासाठी सांगितलेलं सत्य हा बदनामीच्या कलमाला, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या ३५६ ला, अपवाद आहे. पण 'चोर', 'लुटारू' आणि मालकाच्या बायकोबद्दलचं ते वाक्य आजच्या आज उडवा, त्याचं समर्थन मला पण करता येणार नाही. आणि भाच्याने लिफ्टजवळ काढलेला तो फोटो, ज्यात आजीची काठी आणि मजल्याचा नंबर दोन्ही दिसतात, तो नोटिशीला जोडा.